हवेलीचं उद्यापन

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी आल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, नाहीतर चहा मागतात. मी मोबाईल मागितला. बायकोने कपाळाला हात लावला. 'काळा चष्मा उतरेपर्यंत मोबाईलचं नाव काढायचं नाही, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय,' असं म्हणून तिने तो उचलला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. बायकोची नोकरी समथरला, रोज बसने जाऊन-येऊन. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने माझा मोबाईलही समथरला निघणार होता.

मला तो कशाला हवा होता ते सांगतो, हसायचं असेल तर खुशाल हसा. शेतीसाठी. आमचे पूर्वज पूजाअर्चा करायला म्हणून दक्षिणेतून झाशीत आले, पुढच्या पिढ्यांनी कारकुनी केली, आणि मी सदर बाजारातल्या एका कचेरीत तीच पुढे चालवतो. मानिक चौकाजवळच्या आमच्या घरात मातीशी संबंध म्हणाल तर तुळशीच्या कुंडीपुरता. पण मोबाईलमधल्या खेळात माझं शेत होतं, आणि मी त्यात दीड वर्ष राबत होतो.

गहू लावायचा. दोन मिनिटांत तो पिकतो, टुण्ण करून घंटी वाजते. बोट फिरवून कापायचा, की परत गहू. गव्हाचं पीठ, पिठाचे पाव, पावांनी गाडी भरली की एक वीट मिळते. अशा ढीगभर विटा साठल्या की शेताच्या टोकाला हवेली बांधता येते. लाल दगडाची, छज्जे-झरोके असलेली, दारात कारंजं. ती खेळात दिवाळीचा मेळा भरतो, तेवढ्यापुरतीच मिळते. मेळा उठला की संपलं. गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. या वर्षी विटा जवळजवळ पुऱ्या होत आल्या होत्या आणि नेमका डोळा आडवा आला. एक दिवस जरी गाडी रिकामी गेली तरी विटा यायच्या बंद होतात. म्हणजे मेलो!

मजा यायची का? छे हो. सुरुवातीला कधी आली असेल तर आठवत नाही. पुढे ते नुसतं दळण झालं. जेवताना गहू, कचेरीत फायलीच्या आड गहू, लग्नात एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात गहू. बायको एकदा म्हणाली, 'अहो, इतका वैताग येतो तर खेळता कशाला?' मी खेकसलो, 'खेळतंय कोण? काम करतोय मी!' ती बिचारी गप्प बसली. मला वाटलं, पटलं तिला.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझी आत्या. वडलांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आणि जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही. तिला व्रतांचा भारी नाद. स्वतःची संपली की दुसऱ्यांची करते. ही आमच्या घराण्याची जुनी रीतच आहे. यजमानाला उपास झेपेना, जप होईना, की त्याच्या नावाने संकल्प सोडून आमचे लोक तो करून देत. समोरच्या वकीलसाहेबांच्या पत्नीने देवापुढे जाळायला लाख वाती वळायचं व्रत धरलं आणि त्यांची बोटं आखडली, तेव्हा उरलेल्या वाती आत्याने वळल्या. शेवटी उद्यापनही केलं. उद्यापन म्हणजे व्रताची सांगता: पूजा, गोडाचं जेवण आणि दान. आत्याचं म्हणणं असं, की सांगतेशिवाय व्रताला फळ नाही, आणि दान करताना हातचं राखलं तर ती सांगता नाही. त्या उद्यापनात तिने माझी कोरी रजई देऊन टाकली. व्रत वकिलीणबाईंचं, रजई माझी! तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पण अडला हरी. मी बायकोच्या हातापाया पडून मोबाईल आत्याच्या ताब्यात द्यायला लावला. मी त्याला शिवायचं नाही, अशी अट होती.

आत्या चष्मा पुसत पलंगाजवळ येऊन बसली. 'हं, सांग. काय करायचं?'

'गहू लावायचा, कापायचा, परत लावायचा. गाडी भरायची.'

'कशासाठी?'

'हवेलीसाठी.'

'कुणाच्या नावाने?'

'माझ्या! आणखी कुणाच्या?'

'आणि कुठवर?'

'माझा काळा चष्मा उतरेपर्यंत, बस.'

तिने चक्क तळहातावर पाणी घेतलं, माझं नाव-गोत्र उच्चारलं आणि ते ताम्हनात सोडलं. मी काळ्या चष्म्याआडून फिदीफिदी हसलो. गाढव कुठला.

दुसऱ्या दिवसापासून मी पलंगावर पडून कान देऊन ऐकू लागलो. दर दोन मिनिटांनी टुण्ण व्हायला हवं. होईना. त्याऐवजी आत्याचा आवाज आला, 'अगंबाई, हे कुत्रं बघ कसं शेपूट हलवतंय!'

'कुठलं कुत्रं?'

'अरे, फाटकाशी बसलंय ते. तुझंच ना?'

दीड वर्षात शेतात कुत्रं आहे हे मला माहीत नव्हतं. 'आत्या, गहू,' मी म्हणालो.

'लावते रे बाबा. आधी बघू तर दे.'

तिने सगळं बघितलं. विहिरीत डोकावली, बदकं मोजली, म्हशींना चारा घातला. एका म्हशीला आपल्या जुन्या मुख्याध्यापिकेचं नाव ठेवलं. 'अगदी तश्शीच बघते मेली,' असं म्हणून एकटीच खो खो हसली. मग मला सुगावा लागला, की अर्ध्या शेतात तिने झेंडू लावलाय.

'झेंडू?' मी उठून बसलो. 'झेंडूचे पाव होतात का, आत्या?'

'दिवाळी तोंडावर आलीय. दारात चार फुलं नकोत?'

'तिथे दारच नाहीये! हवेली व्हायचीय अजून!'

'मग झाल्यावर ऐन वेळी कुठून आणशील? मानिक चौकातून?'

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. आणि ऐकत राहिलो. त्या शेताच्या कुंपणाला शेजाऱ्यांच्या झोळ्या टांगलेल्या असतात. शेजारी म्हणजे कुठले कुठले अनोळखी खेळाडू. कुणाला चारा हवा असतो, कुणाला वीट. मी त्या झोळ्यांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आत्या त्यांच्याशी गप्पा मारायला लागली! एकेक अक्षर शोधून टाइप करायची आणि करताना मोठ्याने म्हणायची, 'भैया, आपकी बकरी दुबली क्यों है?' उत्तरं आली की मलाही वाचून दाखवायची. दोन दिवसांत सगळे तिला दादीजी म्हणायला लागले. मला दीड वर्षात कुणी 'नमस्ते' म्हटलं नव्हतं.

एक मात्र खरं, घेतलेल्या व्रतात तिने कसूर केली नाही. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की सांगायची, 'गाडी गेली रे. वीट आली.' आणि डॉक्टरांकडे जायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाली, 'विटा पुऱ्या झाल्या बरं का.'

माझा जीव भांड्यात पडला. मेळा उठायला अजून दोन दिवस होते. मी तिला दहादा बजावलं, 'तू बांधू नकोस हं. उद्या माझ्या हाताने बांधणार.'

'बांध की. मी कशाला बांधू?' ती म्हणाली, आणि पुरणासाठी डाळ भिजत घालायला उठली. ती डाळ बघून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काळा चष्मा काढला. 'थोड़ा-थोड़ा मोबाइल देख सकते हैं,' म्हणाले. बायको तिथूनच समथरला गेली आणि मी ऑटोवाल्याला घाई करत घरी आलो. घरभर पुरणाचा वास. आत्या रेशमी लुगड्यात, देवापुढे रांगोळी, आणि रांगोळीत पाटावर, फुलं वाहिलेला माझा मोबाईल.

'ये,' ती प्रसन्नपणे म्हणाली. 'उद्यापन झालं.'

मी फुलं झटकून मोबाईल उघडला. गोदाम रिकामं. गहू नाही, पीठ नाही, पाव नाही. वीट? एकही नाही!

'आत्या!'

'ओरडू नकोस. डोळ्यावर ताण येईल.'

'माझ्या विटा कुठायत?'

'दिल्या. एक मास्टरजी आहेत, बिचाऱ्यांचं छप्पर कधीचं अडलं होतं. आणि ती एक नवी सून, तिच्या विहिरीला कठडाच नव्हता, लेकरं खेळतात तिथे. बाकीच्या ज्यांच्या त्यांच्या झोळीत घातल्या.'

'अगं, पण हे सगळं हवेलीसाठी चाललं होतं ना!'

'हवेलीसाठीच तर केलं. सांगता झाली, आता फळ मिळेल.'

'कुठून मिळेल? विटाच नाहीत!'

ती माझ्याकडे खरोखरच नवलाने बघत राहिली. 'फळ कुठून येतं, असं कुणी विचारतं का रे?'

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, पन्नाशीचा माणूस मी, विटांसाठी ढसाढसा रडलो. डोळ्यात बाहेरचं पाणी जाऊ देऊ नका असं डॉक्टर म्हणाले होते. आतून येणाऱ्या पाण्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं. आत्या घाबरली. तूप घातलेली पुरणपोळी ताटात वाढून माझ्यासमोर ठेवली. मी रागारागाने खाल्ली, दुसरी मागितली, तीही रागानेच खाल्ली, पण तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मेळा उठायची वेळ आली. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ उलटा सरकत होता. आत्या शेजारी येऊन बसली, हातात लाई-चण्यांची, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांची वाटी. आम्ही दोघं बघत राहिलो. हवेलीचं चित्र मिणमिणलं आणि विझलं.

'गेली,' मी म्हणालो. अबोला विसरूनच.

'गेली तर गेली.' तिने वाटी माझ्यापुढे केली. 'तुला काय तिथे राहायला जायचं होतं?'

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, चणा घशात अडकेपर्यंत. आत्याने पाठीवर दणादण बुक्के मारले. ठसका थांबल्यावर मी डोळे पुसले, आणि सवयीने बोट गव्हाकडे गेलं.

'परत गहू?' आत्या कडाडली. 'उद्यापन झालेलं व्रत पुन्हा धरतोस? एवढा डोळा नवा करून आणलास, जरा बघ तरी!'

मी बघितलं. झेंडू फुलला होता, अर्धं शेत पिवळंधमक. मुख्याध्यापिका म्हैस माझ्याकडे रोखून बघत होती. फाटकाशी एक तपकिरी कुत्रं बसलं होतं आणि खरोखरच शेपूट हलवत होतं.

'याचं नाव काय ठेवलंस?' मी विचारलं.

'तुझंच,' आत्या चणे खात म्हणाली. 'दीड वर्ष शेत राखतंय बिचारं, कधी उंडारायला म्हणून गेलं नाही.'

मी कुत्र्यावर बोट टेकवलं. ते उठलं, अंग झाडलं आणि झेंडूतून धावत सुटलं.