माझ्या तोंडून माझीच दवंडी

ऐका हो ऐका! समस्त लहानथोर, बायाबापड्या, कान देऊन ऐका! मांगवाड्यातला हलगीवाला बाटला हो! उद्या सकाळी पारावर त्याचा निवाडा हाय! घरटी एका माणसानं हजर राहावं होऽऽ!

ही दवंडी मीच दिली. आणि तो हलगीवालाही मीच.

हसा, खुशाल हसा. सेनगावकडचं आमचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं आणि गावची दवंडी आमच्या घरात. आज्यानं दिली, बापानं दिली, मग मी. पाटलांनी ओट्यावरून शब्द सांगायचे, मी खाली उभं राहून पाठ करायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्यावरचेच शब्द सांगितले.

"बराबर पाठ झालं का रे? एक शब्द खाऊ नको."

ओट्यावरची माणसं फिदीफिदी हसली. मी गल्लोगल्ली फिरलो. पोरं मागं नाचत होती. माझ्याच दारात बायको तोंडाला पदर लावून उभी. तिच्यापुढेही थांबलो, पूर्ण दवंडी दिली. एक शब्द खाल्ला नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही.

गुन्हा काय? मी येशूचा झालो होतो. वर्षभर हिंगोलीला प्रार्थनेला जात होतो. येशू माझ्यासाठी मेला, हे पटायला ते वर्ष लागलं. पण तिथं मला सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसवलं, ते पहिल्याच रविवारी.

दवंडी संपली तसा जीप धरून हिंगोलीला, तिथल्या पाळकसाहेबांकडे पळालो. म्हणालो, "साहेब, उत्तरं लिहून द्या. पाठ करतो."

ते म्हणाले, "पाठ नका करू. त्या घटकेला पवित्र आत्मा शब्द देईल."

"साहेब, मी जन्मभर पाठच केलंय. बिनपाठाचं मला बोलता येत न्हाई!"

ते नुसते हसले. मला रडू आलं.

सकाळी सगळं गाव पाराभोवती. पाटील वर, मी खाली.

"बापजाद्यांचा मारुती काहून सोडला रे? किती पैसे घेतले?"

मी खांद्यावरची हलगी काढून पुढं घेतली.

"आता माफीची दवंडी दे. 'चुकलो, येशूला सोडलं' म्हन. न्हाई तर तुला गिरणी बंद, रानातलं काम बंद. लेकरांना मिठाचा खडा मिळनार न्हाई."

हलगी शेकायला मी गव्हाच्या काडाचा जाळ केला. चामडं तापून ताणलं की आवाज खणखणीत निघतो. खरं तर मला वेळ काढायचा होता. चामडं ताणत गेलं, डोकं रिकामंच. प्रभू, शब्द दे. काही नाही. आणखी काड टाकलं. काही नाही.

"झालं का न्हाई?" पाटील ओरडले.

उठलो. तीन थापा मारल्या. तोंड उघडलं.

"ऐका हो ऐका! मी मारुतीला सोडलं न्हाई हो! मला त्याच्यापाशी कधी जाऊच दिलं न्हाई! जन्मभर पायरीच्या खालून हलगी वाजवली. ज्या दारातून आत घेतलंच न्हाई, तिथून मी बाहेर गेलो कसा, पाटील, तुमीच सांगा! येशूनं मला आत बोलावलं. फुकट बोलावलं. मी त्याचाच राहीन होऽऽ!"

आवाज माझा होता. शब्द मला कुणी ओट्यावरून सांगितले नव्हते. मी स्वतःही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

पाटील ताडकन उठून म्हणाले, "टाका बहिष्कार! दे दवंडी, आत्ताच्या आत्ता!"

आणि माझा हात, सवयीनं, हलगीवर गेला. थापेच्या आधी मी तो थांबवला. हलगी खांद्याला अडकवली.

"न्हाई. आजपासून तुमचा एक शब्द या तोंडातून निघनार न्हाई. गिरणी बंद करा, जात्यावर दळू. रान बंद करा, हिंगोलीला हमाली करू. पन दवंडी न्हाई."

पाठ फिरवून चालू लागलो. मागून पाटलांच्या धाकट्या भावाच्या तोंडून निघून गेलं,

"अरे, मग याच्या बहिष्काराची दवंडी कोन देनार?"