काकांसाठी एक हंडा

जय ख्रिस्त! आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी चर्चमध्ये आमच्यातलेच एक वडीलधारे काका देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभे राहिले आणि म्हणाले, "ही पिढी नुसती मोबाईलमध्ये. सेवा करणार कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मागच्या बाकावर आम्ही तिघी मैत्रिणी होतो. दर रविवारी चर्च सुटलं की आम्ही आमच्या वरव्याहून विंझर गावाला जातो. तिथं पारूआजी एकट्याच राहतात. त्यांचं पाणी भरतो, डोकं धुऊन देतो. हे कधी कुणाला सांगितलं नाही, कारण 'उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका' हे संडे स्कूलमध्ये याच काकांनी शिकवलं होतं!

दुपारी आजींनी विचारलं, "तोंडं का पाडलीत गं पोरींनो?"

आम्ही सगळं सांगितलं.

"तुमच्या देवाला दिसतं का न्हाई?"

"दिसतं की."

"मग? हंडे भरा."

भरले. पण येताना तिघींनी ठरवलं, भांडायचं नाही आणि आता गप्पही बसायचं नाही.

तुमच्याकडे आहेत का हो असे काका?

आमचे काका ही पोस्ट मोबाईलवर वाचतीलच. काका, रविवारी तयार राहा. चौथा हंडा तुमचा.