यीस्टच्या बाईंचा अर्धा अंश

यीस्टच्या बाईंनी किमतीवरून माझ्याशी कधी घासाघीस केली नाही. मला तो अपमान वाटायचा. प्रयोगशाळांची जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणं हा माझा धंदा, आणि कर्वेनगरच्या एका कॉलेजात यीस्टवर संशोधन करणाऱ्या या बाई माझं गिऱ्हाईक. वाघोलीची शेड मी बोलण्याच्या जोरावर उभी केली. बाई आकडा ऐकून "बरं" म्हणत आणि विचारत, "डबा आणलाय ना?" कारण यंत्र दिवसभर चालवून दाखवल्याशिवाय त्या कॉलेजातून माझी सुटका नसे. यंत्रात तापवलेल्या पाण्यात स्वतःचा थर्मामीटर बुडवून त्या शेजारी बसत. "शेठ, अर्धा अंश खोटं बोलतंय तुमचं यंत्र."

"अर्ध्या अंशानं काय बिघडतं?" मी एकदा चिडून विचारलं. तेव्हा त्यांनी समजावलं. यीस्टच्या पेशीत युबिक्विटिन लायगेज नावाची एन्झाइमं असतात. ती नको झालेल्या प्रथिनावर खूण चिकटवतात आणि खूण लागलेलं प्रथिन पेशी मोडून टाकते. अशा एका लायगेजचं 'गिऱ्हाईक' कोणतं, म्हणजे ते कोणत्या प्रथिनावर खूण लावतं, हे बाई शोधत होत्या. पण ते दिसायच्या आत संपलेलं असायचं. म्हणून त्यांच्याकडे असं यीस्ट होतं, ज्यातलं ते लायगेज ठरावीक उष्णतेलाच बंद पडे; अर्धा अंशही इकडेतिकडे चालत नसे. मग खूण लागत नसे आणि एरवी न दिसणारं प्रथिन साचत जाई. निवृत्तीच्या आत ते सापडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एकदा सापडलं असं कळलं. मी पेढे घेऊन गेलो. "लायगेज चालू असलेल्या साध्या यीस्टमध्येही तेच साचलंय," बाई म्हणाल्या. "नुसतं तापल्यामुळे." मग पुडा पुढे ओढला. "आता आणलेच आहेत तर."

विश्रांतवाडीचं आमचं दुकान थोरल्या भावानं एकट्याच्या नावावर करून घेतलं, हे मी प्रत्येक फेरीत त्यांना ऐकवायचो. आवाज चढायचा. बाई नळ्या मांडत ऐकत. शेवटी म्हणत, "साचलंय खरं. पण ते भावामुळेच, हे सिद्ध करा. नुसते तापलेले असाल." तिथे राग यायचा आणि परतताना टेम्पोत हसू यायचं.

शेवटच्या वर्षी खरोखर एक प्रथिन मिळालं, साध्या यीस्टमध्ये न साचणारं. लायगेजच त्यावर खूण लावतं, एवढं दाखवायचं राहिलं होतं. तेवढ्यात निवृत्ती आली आणि कॉलेजनं खोली रिकामी करायला सांगितलं. मी प्राचार्यांशी भांडायला निघालो. बाईंनी बाही धरून बसवलं.

"अहो, भांडून ते सिद्ध होणार आहे का?"

"मग 'बहुधा' म्हणून छापा ना."

"'बहुधा' तुमच्या धंद्यात चालतं, शेठ."

ते त्यांनी छापलं नाही. गेल्या वर्षी बाई गेल्या.

कॉलेजवरचा माझा राग अजून आहे, भावावरचाही. शेडमध्ये विषय निघाला की मी सुरू होतो. समोरचे मान डोलावतात, "बरोबर आहे तुमचं, शेठ." मी मध्येच थांबतो. माझं म्हणणं असं घासाघीस न करता कुणी घेतलं, की बाईंची फार आठवण येते.