माझ्या गर्वासाठी केलेली प्रार्थना

"प्रभो, आमच्या या बहिणीच्या मनात गर्व शिरला आहे. तिला नम्र कर."

पाळकबाईंनी, आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोनं, डोळे मिटून हे मागितलं. पेडण्यात, रविवारच्या सभेत, भरल्या मंडळीसमोर. नाव घेतलं नाही, पण हात माझ्याच डोक्यावर. सगळे आमेन म्हणाले. मीपण म्हणाले. माझ्याच अपमानाला, मोठ्यानं. आम्हाला खोडच आहे ती, प्रार्थना संपली की तोंड आपोआप उघडतं.

माझा गुन्हा काय, तर आदल्या सोमवारी मी त्यांच्या घरी गेले नाही.

मी बेळगावकडची. हरमलला गेस्टहाऊसात खोल्या साफ करते. दुसऱ्यांच्या चादरी, दुसऱ्यांचे संडास. रविवारी सभेपुरती सूट मागून घेते. सुट्टी एकच, सोमवारची. चार वर्षं तो सोमवार पाळकबाईंनी खाल्ला. घर झाडलं, पडदे धुतले, त्यांच्या सासूला आंघोळ घातली. "ही सेवा आहे," त्या म्हणायच्या, "प्रभू बघतोय." प्रभू बघत होता, आणि बाई सोफ्यावर बसून बघत होत्या. मला चहा मागच्या पडवीत, वेगळ्या कपात. ख्रिस्तात जात नाही म्हणतात. त्या कपाला होती.

त्या सोमवारी पाठ धरली होती. फोनवर म्हटलं, "आज जमणार नाही." एवढ्यावर मी गर्विष्ठ.

सभेवरून आले ती मेल्याहून मेल्यासारखी. मग बायबल काढलं. सातवी शिकलेली मी, बोट ठेवून वाचते. येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट शोधली, कारण बाई दरवेळी तीच तोंडावर फेकायच्या. येशू जेवणावरून आपण होऊन उठला. रुमाल स्वतःच कमरेला बांधला. 'ऊठ, धू' असं त्याला कुणी फर्मावलं नव्हतं. पुढं वाचत गेले. लोक त्याला शोधत फिरायचे आणि हा डोंगरावर एकटा निघून जायचा. एकमेकांची ओझी उचला, असं एका पत्रात आहे. तीन वचनं खाली आहे, ज्यानं त्यानं आपला भार आपण वाहावा. मला चार वर्षं पहिलंच शिकवलं. दुसरं यांनी गिळलं. संताप आला. लबाड लेकाचे.

पुढच्या रविवारी बाईंचा हात पुन्हा माझ्या डोक्यावर. "प्रभो, हिचं कठीण मन..."

मी तो हात धरून बाजूला केला. म्हटलं, "या प्रार्थनेला माझं आमेन नाही. आणि सोमवारी मी येणार नाही. कुठल्याच सोमवारी."

शेजारी मासे विकणारी एक बाई बसते. ती कुजबुजली, "गप गो, बरं दिसत नाही."

"चार वर्षं बरं दिसलं?"

पाळक उठले. आवाज मधात बुडवलेला. "बहिणी, क्षमा माग. नाहीतर या मंडळीत तुला जागा नाही."

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. गोव्यात माझं दुसरं कोण आहे? नवरा गवंडी होता. याच सभागृहाची भिंत त्यानं बांधली, तीही सेवा म्हणूनच. तो गेला तेव्हा शवपेटी याच माणसांनी उचलली. उद्या मी मेले तर मातीला हीच येणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या जोरावर तर ते बोलत होते.

क्षमा मागितली नाही. जागेवरून उठलेही नाही. सभा संपेपर्यंत तिथंच बसले.

अजून दर रविवारी जाते. कोणी बोलत नाही, माझ्या बाजूची खुर्ची रिकामी असते. असू दे. बाईंनी सोमवारसाठी निरोप धाडला तर नाही म्हणते, कारण देत नाही. माझी पेटी उचलायची नसेल तर नका उचलू. मेल्यावर कोण उचलेल या धाकानं मी जिवंतपणी कुणाची फरशी पुसणार नाही.