शेरेबुकात मी लिहिलेल्या दोन ओळी

कल्याणच्या शाळेतली उमेदवारी संपली आणि खाडीकाठच्या एका आगरी गावात मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा मला तेविसावे वर्ष लागले होते. डोंबिवलीला गाडीतून उतरायचे, शेतांच्या बांधावरून तासभर पश्चिमेला चालायचे, आणि मिठागरांचे पांढरे चौकोन दिसू लागले की गाव आले. शाळा देवळाच्या पडवीत भरे. माणसे पावसाळ्यात भात लावत, थंडी सरत आली की मिठागरात उतरत. मुलेही त्यांच्याबरोबर उतरत आणि हात मोकळा असेल तेव्हा शाळेत येत.

माझ्या आधीच्या मास्तरांचा तालुक्यात मोठा लौकिक होता. त्यांच्या शाळेचा निकाल दरवर्षी उत्तम लागे आणि त्याच जोरावर त्यांची बदली एका मोठ्या शाळेवर झाली होती. आपल्याला तयार शाळा मिळाली म्हणून मी खूश होतो. पहिल्या आठवड्यातच माझा तो आनंद उतरला. मुले वाचायला उभी राहिली की 'पाणी'चे 'पानी' होई, 'डोळा'चा 'डोला' होई, आणि ज्या शाळेत आपण बसलो आहोत ती त्यांच्या तोंडी 'शाला' असे. ण आणि ळ ही दोन अक्षरे त्या गावाच्या जिभेवर नव्हतीच.

मी कल्याणच्या जोश्यांच्या घरात, शुद्ध बोलण्यात वाढलेला. मला ते ऐकवत नसे. मी छडी आणवली. रोज सकाळी उजळणी झाल्यावर मुलांना ओळीने उभे करून 'बाळ, काळ, माळ' म्हणवून घेई. चुकले की हातावर एक. एकेकटा शब्द ती बरोबर म्हणत. पुस्तक हातात घेऊन वाचू लागली की दुसऱ्या ओळीला जीभ पुन्हा आपल्या घरी जाई. असे दोन महिने चालले. मारून माझा हात दुखे, आणि मुले कमी होऊ लागली.

त्या मुलांत एक दहा वर्षांची मुलगी होती. तिचा बाप आणि आई मिठागरावर जात, म्हणून धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेत येई. भाऊ पडवीत झोपला की ही वाचायला बसे. संबंध शाळेत तिच्यासारखे सलग वाचणारे कोणी नव्हते. एकदा 'डोळा' चुकला म्हणून मी तिला हात पुढे करायला सांगितले. तिने हात पुढे केला, पण खाली न बघता मला विचारले,

"मास्तर, माजी आजी डोला बोलतं. तिला डोल्यानी दिसत नाय काय?"

तिने हे उर्मटपणे विचारले नव्हते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी छडी खाली ठेवली, आणि नंतर ती देवळाच्या पुजाऱ्याने कुत्री हाकायला नेली तेव्हा परत मागितली नाही.

शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांच्या परीक्षेची तारीख कळली तेव्हाची गोष्ट. मी मुलांना सांगितले की अमुक दिवशी सर्वांनी अंघोळ करून, पाट्या घासून यायचे. मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग त्याच मुलीने विचारले,

"आमी कुठं लपाचा?"

"लपायचं? कशाला?"

तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. परीक्षेच्या दिवशी गावची बहुतेक मुले शाळेत नसत. आधीचे मास्तर त्यांना पहाटेच तिवरांच्या झाडीपलीकडे पाठवून देत आणि साहेबांच्या दमणीचे बैल गावाबाहेर पडल्याशिवाय परतू नका म्हणून बजावत. साहेबांपुढे बसत ती मीठखात्याच्या चौकीवरच्या कारकुनांची मुले. ती घरी बापाजवळ शिकत आणि वर्षातून तो एकच दिवस आमच्या पडवीत येत. गावची मुले त्यांना 'परीक्षेची पोरा' म्हणत. स्वतःला काय म्हणत ते मी विचारले नाही.

मला आधी त्या मास्तरांचा राग आला. मग रात्रभर विचार केल्यावर स्वतःचा आला, कारण मीही छडी घेऊन तेच करत होतो. फक्त मुलांना लपवण्याऐवजी त्यांची जीभ लपवू पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मी सांगितले, "कोणी लपायचं नाही. हजेरीपटावर ज्याचं नाव आहे तो बसेल." चौकीवरून एक कारकून मुलांना किती वाजता पाठवू म्हणून विचारायला आला. त्याला मी नम्रपणे सांगितले की यंदा तसदी घेऊ नका.

कल्याणला घरी गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी मला समजावले. तेही मास्तरकीतच पिकलेले. म्हणाले, "वर्षातून एक दिवस डोळ्यांवर कातडं ओढ आणि उरलेले दिवस हवं तसं शिकव. सगळे तेच करतात."

"त्या एका दिवशी मुलं काय शिकतात, ते तुम्ही विचारात घेतलं नाहीत," मी म्हणालो. वडिलांशी मी असे कधी बोललो नव्हतो. ते पानाला चुना लावत राहिले.

परीक्षेच्या दिवशी पडवी भरून मुले खाली अंगणापर्यंत बसली. डिपोटीसाहेब पन्नाशीचे, अंगाने किरकोळ आणि प्रवासाने थकलेले होते. एवढी मुले पाहून त्यांनी हजेरीपट दोनदा मागितला. गणितात मुलांनी मान राखला. मग वाचन सुरू झाले आणि एकामागून एक मुले नापास होऊ लागली. साहेब रागावत नव्हते. 'न' ऐकला की नुसता हात वर करत आणि तक्त्यात फुली मारत. शुद्धलेखनाचेही तेच झाले, कारण मुले ऐकत तसे लिहीत आणि बोलत तसे ऐकत.

त्या मुलीला तळ्याचा धडा आला. उन्हाळ्यात तळे आटते आणि गावकरी ते खणतात, असा तो साधा धडा होता. तिने न अडखळता शेवटपर्यंत वाचला, आणि त्यातले प्रत्येक 'तळे' तिने 'तले' वाचले. साहेबांनी फुली मारली.

मी पुढे झालो. "साहेब, तिला अर्थ विचारावा."

"माझ्या तक्त्यात वाचन आहे. अर्थाला वेगळी जागा नाही."

"मग तक्त्याबाहेर विचारावा."

साहेबांनी चष्मा वर केला आणि करमणूक म्हणून तिला विचारले, "काय गं, तळं का आटलं?"

ती म्हणाली, "उन्हानं पानी वर जातं. आमच्या मिठागरात पन असाच जातं. तिथं खाली मीठ उरतं. तल्याचा पानी गोडा, म्हनून तिथं काय उरत नाय."

पुस्तकात यातले अर्धेसुद्धा नव्हते. मिठागराचा तर उल्लेखच नव्हता. "हुशार आहे," साहेब म्हणाले. "पण नापास."

जेवण झाल्यावर आम्ही दोघेच देवळाच्या पायरीवर बसलो होतो. साहेब आपणहून बोलू लागले. "मास्तर, मी तळकोकणातला. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा माझ्या नाकातल्या बोलण्याला सारा वर्ग हसायचा. मी आरशापुढे उभं राहून ते घालवलं. म्हणून आज इथे आहे. यांनी का घालवू नये?"

त्यांच्या आवाजात तिरस्कार नव्हता. त्यामुळे बोलणे मला अवघड गेले, तरी मी बोललो. "साहेब, आपण गावी गेल्यावर आईसाहेबांशी कसं बोलता?"

साहेब उठले, शेरेबुक मागितले आणि उभ्याउभ्याच लिहिले: 'वाचन व लेखन अत्यंत अशुद्ध. निकाल असमाधानकारक. शिक्षक आपल्या कामी बेफिकीर आहे.'

दमणी निघून गेली. मुले अजून अंगणात होती. शेरेबुकात मास्तराने काही लिहायचे नसते. ते वरिष्ठांचे बुक. मास्तराने वाचायचे आणि सुधारायचे. मी दौत घेतली आणि त्या शेऱ्याखाली लिहिले: 'ही मुले जे वाचतात ते त्यांना समजते. आज शाळेतले एकही मूल लपवलेले नाही.' खाली सही केली. अक्षर चांगले आले.

पंधरा दिवसांनी मला ठाण्याच्या कचेरीत बोलावणे आले. शेरेबुकाची नक्कल नियमाप्रमाणे मीच तिकडे धाडली होती, ती तिथल्या वरिष्ठांनी माझ्यापुढे ठेवली. "हे आपण लिहिलंत?"

"होय."

"सरकारी बुकात?"

"शाळेच्या बुकात. शाळेत घडलं ते लिहिलं."

"लपवलेले नाही, म्हणजे पूर्वी लपवत होते असा अर्थ निघतो. आपल्या आधीचे मास्तर आता कोणत्या जागेवर आहेत, ठाऊक आहे ना? या दोन ओळी खोडा आणि चूक झाली असं लिहून द्या. विषय इथेच मिटेल."

"यातली कोणती ओळ खोटी आहे ते दाखवा. ती खोडतो."

त्यांनी दाखवली नाही. माझी बढती थांबवल्याचे आणि खडवलीच्या पलीकडच्या एका वस्तीवर माझी बदली करण्याचा विचार असल्याचे तिथेच सांगितले. परत येताना मी स्वतःला पुष्कळ धीर दिला, पण घाबरलो होतो, खोटे कशाला सांगू?

गावात मी कोणाला बोललो नव्हतो. तरी बदलीची बातमी पोचली. डिपोटीसाहेबांचा मुक्काम तेव्हा कल्याणच्या धर्मशाळेत होता. एका सकाळी त्या मुलीची आजी आणि तिच्याबरोबर दहाबारा बायामाणसे होडीने तिथे जाऊन उभी राहिली. मला हे नंतर कळले, आणि ज्याच्याकडून कळले तो धर्मशाळेचा शिपाई हसू दाबत सांगत होता. त्या गावात थोरामोठ्यांनाही एकेरीत बोलण्याची रीत. आजीने साहेबांना तसेच सुनावले,

"तू आमच्या पोरांना नापास केलास, त्याचा आमाला काय नाय. पन यो मास्तर हलवलास तं उद्यापासून शालंत एक पोर येनार नाय. मंग घे कोनाची परीक्षा घेतंस ती."

साहेबांनी विचारले म्हणे, "मुलं नापास झाली तरी तुम्हाला हाच मास्तर हवा?"

"त्या शहान्या मास्तरानं पास केली, ती आमची पोरा व्हती काय?"

साहेबांनी पुढे कचेरीला काय लिहिले ते मला कळले नाही. नापास शाळा अहवालात चालते, रिकामी शाळा चालत नाही, एवढे कोणाच्या तरी ध्यानात आले असावे. किंवा साहेबांच्या मनात आणखी काही आले असेल. मी त्यांना ते कधी विचारले नाही. बदलीचा हुकूम आला नाही. बढतीही आली नाही. ती पुढे सात वर्षे आली नाही, आणि माझ्याबरोबर नोकरीला लागलेले लोक हेडमास्तर होऊन गेले.

ती मुलगी बाराव्या वर्षी लग्न होऊन खाडीपलीकडे गेली. त्या आधी तिने तिसरे पुस्तक पुरे केले. त्या परीक्षेतही ती नापास झाली. धाकटा भाऊ मात्र तिच्या मागे शाळेत टिकला.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या दिवशी पडवी पुरेना. कधी शाळेचे तोंड न पाहिलेली मुले वर्षभरात नाव घालून बसली होती, कारण या शाळेत कोणाला पिटाळत नाहीत ही गोष्ट आसपासच्या पाड्यांवरही गेली होती. त्यांतली निम्मी अजून मुळाक्षरांवर होती. मी सगळ्यांना बसवले. त्या वर्षीचा निकाल आदल्या वर्षीपेक्षाही खाली गेला. तालुक्यात आमची शाळा शेवटची आली. यादी माझ्या हातात पडली तेव्हा मी ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग पाट्या काढायला सांगून पुढचा धडा घेतला.