अबवोलीने तिकीट काढलं

तिबाकान्या जावयाचा हात धरून जंगलात पळून गेली, ही बातमी दुपारपर्यंत आमच्या टेकडीच्या वरच्या अंगाला पोचली. संध्याकाळी पाण्यावर गेलेल्या बायकांनी ती खालच्या अंगाला नेली, तेव्हा तिच्यात एक मोटरसायकल आणि दोन गाठोडी वाढली होती. खरं एवढंच होतं, की साठी ओलांडलेली ही विधवा जंगलात गेली होती, जावई बरोबर होता, आणि हातही धरला गेला होता. पळून मात्र कुणी गेलं नव्हतं. बरोबर चार परदेशी पाहुणे होते, खांद्याला बंदूक लावलेली वनरक्षक बाई होती, आणि तिबाकान्याच्या झग्याच्या आत, छातीशी, रीतसर तिकीट होतं. मोटरसायकल कुठून आली ते देवाला आणि पाणवठ्याला माहीत.

तिला तिबाकान्या म्हणतात ते फक्त सरकारी लोक आणि रागावलेले लोक. आमच्याकडे नावाखेरीज प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं, आणि त्या नावाने हाक मारली नाही तर समजायचं, काहीतरी बिनसलंय. तिचं लाडाचं नाव अबवोली. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला तिची शेगडी असते. तिच्यावर ती केळी भाजून विकते. घरामागे केळीची बाग, बागेमागे चर, आणि चराच्या पलीकडे जंगल. ते सरकारचं. तिथले चिंपांझी पिकलेल्या घडाचा वास लागला की चर ओलांडून येतात, आणि अबवोली हातात पत्र्याचा डबा घेऊन बडवत त्यांच्यामागे धावते. नवरा होता तेव्हा दोघं धावायची. आता एकटी धावते, पण शिव्या दोघांच्या वाटणीच्या देते.

तिला खटकायचं ते निराळंच. सकाळी परदेशी पाहुणे फाटकातून आत जायचे आणि दुपारी बाहेर यायचे. कपडे चिखलाने माखलेले, हातांवर खाजखुजलीचे फोड, आणि चेहरे असे, की आत कुणाच्या तरी लग्नात जेवून आलेत. तिच्या शेगडीपाशी बसून केळं खाताना एकमेकांना फोटो दाखवायचे. एकदा एका गोऱ्या मुलीने तिला विचारलं, "तुम्ही तर इथल्याच. तुम्ही कितीदा पाहिलंय आत जाऊन?"

अबवोली म्हणाली, "एकदाही नाही." मुलीला ती थट्टाच वाटली. तिला हसताना बघून अबवोलीही हसली, पण निखाऱ्यावरची केळी मात्र करपली.

त्या वेळी शेजारी बाकावर रुबोंगोया बसला होता. हा आमच्या कुळातला वडीलधारा माणूस, लाडाचं नाव अमूती. लग्न, मयत आणि भांडण या तिन्ही ठिकाणी याच्याशिवाय पान हलत नाही, आणि हलू लागलं तर हा ते धरून ठेवतो. तो म्हणाला, "अबवोली, हे जंगल पाहुण्यांसाठी आहे. आपला माणूस आत गेला तर एक तर लाकूडचोर असतो नाहीतर हमाल. तिसरी सोय नाही."

"मग मी तिसरी सोय करते," अबवोली म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तिकीट काढते."

अमूतीला हसता हसता इतका ठसका लागला, की तिला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. आणि पुढच्याच महिन्यात बायकांच्या भिशीत तिचा नंबर लागला. सगळ्यांना वाटलं होतं, बाई छपराला पत्रे घालणार. तिच्या झोपायच्या जागेवर पाणी टपकतं हे टेकडीवरच्या शेळ्यांनाही ठाऊक. पण बाईने तिकीट काढलं. आपल्या देशाच्या माणसाला ते पाहुण्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, पण पत्रे ते पत्रेच. मुलगी कुनिहिरा रडत आली.

"आई, लोक काय म्हणतील? चिंपांझी बघायला पैसे? तो रोज फुकट येतो गं दाराशी!"

"म्हणू देत. ओल माझ्या अंथरुणाला लागते, लोकांच्या नाही."

ठरलेल्या सकाळी अबवोली लग्नाकार्यात घालायचा पायघोळ झगा, त्याखाली उसने रबरी बूट आणि डोक्याला रुमाल अशा थाटात फाटकाशी उभी राहिली. वनरक्षक बाईचं नाव अपियो. ती देशाच्या उत्तरेकडची, उंच, आणि बोलायला सरळसोट. तिने सगळ्यांना नियम सांगितले. खोकला-पडसं असेल त्याने आत्ताच सांगायचं, जनावरांना ते लागतं. तोंडाला फडकं बांधायचं. जनावरांपासून अंतर राखायचं. पळायचं नाही. मग तिने एकेकाला देश विचारला. एक नवराबायको डेन्मार्कचे, एक बाई जपानची, एक दाढीवाला कॅनडाचा. अबवोलीची पाळी आली.

"तुम्ही कुठून आलात?"

अबवोलीने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "त्या धुराच्या शेजारून."

सगळे हसले, पण अपियोने ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. मग विचारलं, "हमाल हवा कुणाला?"

पाहुण्यांनी हो म्हटलं. अबवोलीच्या गाठोड्यात पाण्याची बाटली, चार उकडलेली केळी आणि एक शाल, एवढंच होतं. हे गाठोडं तिचं नातवंडही एका हाताने नेईल. पण तिने मान ताठ केली.

"हवा. मी आज पाहुणी आहे. पाहुणी आपलं ओझं आपण उचलत नाही."

हमाल रांगेने येतात, ज्याची पाळी त्याचं गिऱ्हाईक. आणि पाळी होती बागोंझाची. बागोंझा म्हणजे कुनिहिराचा नवरा. अबवोलीचा सख्खा जावई.

आमच्यात जावयाने सासूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं. ती वाटेने समोरून आली तर त्याने केळीत शिरायचं. ती बसलेल्या चटईवर बसायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, आणि अंगाला अंग लागलं तर म्हणे जावयाच्या हातांना जन्माचा कंप सुटतो. बागोंझाने तिला बघताच पाठ फिरवली आणि बाकीच्या हमालांपुढे हात जोडले.

"भावांनो, कुणीतरी बदलून घ्या."

"छे छे, अराली," एकजण त्याच्या लाडाच्या नावाने म्हणाला, "एवढं भाग्य आम्ही तुझ्याकडून हिसकावून घेऊ? जा, पाहुणीची सेवा कर."

अबवोलीचं तोंड क्षणभर पडलं. हमाल नको म्हणायला अजून वेळ होता. पण अमूती रस्त्यापलीकडे बाकावर येऊन बसलाय, आणि काय होतंय ते मान लांब करून बघतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिने गाठोडं जमिनीवर ठेवलं, तीन पावलं मागे सरली आणि झाडाला सांगितलं, "उचला म्हणावं जावईबापूंना."

निघाली वरात. पुढे अपियो, मागे पाहुणे, मग अबवोली, आणि तिच्यामागे चांगलं अंतर राखून बागोंझा, नजर आभाळात. अबवोली थांबली की तो थांबायचा. तिने वळून पाहिलं की तो एखाद्या झाडाच्या खोडात फार रस घ्यायचा. जपानी बाईने हळूच अपियोला विचारलं, या दोघांचं भांडण आहे का? अपियोने ते अबवोलीला विचारलं.

"भांडण कसलं? आदर आहे," अबवोली धापा टाकत म्हणाली. "थोडा जास्तच आहे."

आत जंगल अंधारं होतं, आणि तिला वाटलं होतं तसं मुळीच नव्हतं. घरामागून ते नुसती हिरवी भिंत दिसायचं. इथे एकेका झाडाची मुळं भिंतीसारखी उभी होती, त्यांच्या आड अख्खं कुटुंब झोपलं असतं. लाल मुंग्यांची एक रांग वाट ओलांडत होती. सगळे उड्या मारून पार झाले. अबवोलीच्या झग्यात दोन शिरल्याच. त्या कशा काढल्या ते इथे सांगण्यासारखं नाही, पण बागोंझाने तेव्हा दोन्ही डोळ्यांवर हात ठेवले होते.

दूरवर आरोळी उठली. एक, मग चार, मग कोणीतरी मुळांच्या भिंतीवर धडाधड लाथा मारल्यासारखा ढोल वाजला. अपियो कुजबुजली, "तेच आहेत. पाण्यापलीकडे. चला लवकर."

पाणी म्हणजे दलदल. काळा चिखल, त्यावर आडवं पडलेलं एक झाड, शेवाळलेलं. अपियो पार झाली. पाहुणे आपापल्या हमालाचा हात धरून एकेक करत पार झाले. अबवोली मध्यापर्यंत गेली आणि तिचा बूट सटकला. ती खोडावर मटकन बसली, दोन्ही बाजूंना पाय, घोड्यावर बसल्यासारखी. उठायला गेली की खोड गरगर फिरतंय असं वाटायचं.

"आई, मागे या!" अपियो पलीकडून ओरडली. "मला या लोकांना सोडून येता येत नाही. हात धरून मागे न्या त्यांना, अहो हमाल!"

बागोंझा खोडाच्या टोकाशी उभा होता, तोंड उलट्या दिशेला. त्याने एक काठी मोडून घेतली आणि न बघता मागे सरकवली. अबवोलीने टोक पकडलं, जोर दिला, आणि कुजकी काठी काडकन तुटून चिखलात पडली.

"सासूबाई," बागोंझा झाडाला म्हणाला, "बसल्या बसल्या मागे सरका. हळूहळू. घरी जाऊ."

"मला घरी नाही जायचं. हात द्या."

"काय म्हणालात?"

"हात. ज्याला पाच बोटं असतात तो. पलीकडे न्या मला."

"मला मारून टाका, पण हात नका मागू! अहो, लोकांना कळलं तर? माझ्या हातांना कंप सुटेल, मी गाठोडी कशी उचलू?"

पलीकडे पुन्हा ढोल वाजला, आता जरा लांब. पाहुणे तिकडे वळून बघत होते. अबवोलीने एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, एकदा आलेल्या वाटेकडे. वाटेच्या त्या टोकाला अमूती बसलेला होता.

"जावईबापू, या खोडावर या."

तो आला. येऊन तिच्यामागे उभा राहिला, खोड निसरडं म्हणून पाय आडवे रोवून. अबवोलीने मागे हात केला आणि त्याचं मनगट पकडलं. त्याने धरलं नाही, तिने पकडलं. केळीचा घड झाडावरून उतरवताना पकडतात तसं, घट्ट. बागोंझाने डोळे मिटले आणि प्रार्थना म्हणायला लागला. डोळे मिटलेला माणूस आणि झग्यातली म्हातारी निसरड्या खोडावरून पलीकडे कसे गेले, हे अपियोलाही नीट सांगता येत नाही.

आणि मग तो दिसला. उंबराच्या झाडाखाली उताणा पडलेला, एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकून, खालचा ओठ पुढे काढून त्यात साठवलेलं फळ चघळत. दोन पिल्लं त्याच्या पोटावरून ये-जा करत होती. रविवारी जेवण झाल्यावर अबवोलीचा नवरा अगदी अस्साच पडायचा. त्या चिंपांझीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि पुन्हा ओठातल्या फळाकडे लक्ष दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात डबा नव्हता, आणि तोंडात शिवी नव्हती.

बऱ्याच वेळाने ती अपियोच्या कानाशी लागली. "यातला माझी केळी चोरणारा कुठला?"

"सगळेच," अपियो म्हणाली.

फडक्याआड अबवोली इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर अमूतीने कुळाची बैठक बोलावली. सगळी टेकडी जमली. एवढी गर्दी तर बिशप आले होते तेव्हाही नव्हती. बागोंझाला हात पुढे करायला सांगितलं. शेकडो डोळे त्या हातांवर खिळले, आणि कुणाचेही थरथरले असते तसे ते थरथरले.

"बघा!" अमूती म्हणाला.

"मी डोळे मिटले होते," बागोंझा कळवळून म्हणाला. "यांनीच धरला."

"मीच धरला," अबवोलीने सांगितलं. कुनिहिराने ओंजळीत तोंड लपवलं.

अमूतीने निकाल दिला. अबवोलीने एक बकरी आणि मडकंभर केळ्याची दारू द्यायची, आणि सगळ्यांदेखत उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं. मग तो जरा नरमला, कारण बकरीचा विचार मनात आला की तो नेहमीच नरमतो. म्हणाला, "अबवोली, एवढं तरी सांग. असं काय होतं पलीकडे, की जावयाचा हात धरावा लागला? चिंपांझी तर आपण जन्मापासून बघतो आहोत."

अबवोली उठून उभी राहिली.

"तुम्ही त्यांची पाठ बघता, अमूती, पळताना. मी तोंड बघून आले. बकरी मी आधीच आणून मागे बांधली आहे, सोडून घेऊन जा. पण 'चुकलं' हा शब्द माझ्या तोंडून ऐकायला बसला असाल, तर उठा, ऊन फार झालंय."