मेश्राम मॅडमची सही

टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढली की किस्से टेबलाखालच्या वायरींसारखे होतात. एक ओढली की पाच येतात. परवा मी एक ओढली, तर आख्खा सिनेमाच बाहेर आला.

हडपसरला आमची सॉफ्टवेअर कंपनी. ॲन्युअल डेसाठी प्रोजेक्ट मॅनेजर जोगळेकर, राहणार सदाशिव पेठ, सिनेमा काढत होते. विषय: सिनेमा कसा काढतात. माझ्या शेजारच्या टेस्टर सुषमा मेश्राम मॅडमना त्यात कॅमेरा हवा होता. नागपूरला वडिलांबरोबर त्यांनी ढीगभर लग्नं शूट केलेली. जोगळेकर म्हणाले, "मॅडम, लग्न वेगळं. ही आर्ट आहे." कॅमेरा मिळाला त्यांच्या मेव्हण्याला.

*

तेवढ्यात हेड ऑफिसची डायव्हर्सिटी चेकलिस्ट आली. सिनेमात सगळ्या प्रकारची माणसं नीट दिसतात का, हे तपासून कुणीतरी सही करायची; सहीशिवाय सिनेमा दाखवायचा नाही. 'तपासणे' हा शब्द वाचून एचआरने कागद थेट टेस्टिंगला पाठवला. तो पडला मॅडमच्या टेबलावर!

मॅडमनी सॉफ्टवेअरच्या चुका नोंदवतो तसे सिनेमाला बग टाकले. पहिला: 'डायरेक्टर गोखले, हीरो साठे, रायटर लेले. चहावाला कांबळे.'

जोगळेकरांचं उत्तर: 'ॲज डिझाइन्ड.' म्हणजे चूक नाही, मुद्दामच तसं केलंय.

मॅडमनी खाली लिहिलं, 'तोच बग आहे.'

डायरेक्टर कांबळे झाले, चहा गोखल्यांकडे गेला.

*

चौथा बग: 'दोन बायका आहेत, पण एकमेकींशी बोलत नाहीत.'

जोगळेकरांनी नवा सीन घातला. पहिली विचारते, "सर आले का?" दुसरी म्हणते, "नाही."

मॅडमनी बग पुन्हा उघडला: 'सर आले नाहीत, तरी सीन त्यांचाच आहे.'

*

सिनेमातला खेडवळ वॉचमन खुद्द जोगळेकर. वाक्यागणिक 'हाय'. मॅडमनी तो सीन आमचे ड्रायव्हर दत्तूभाऊ, मूळचे मांजरी गावचे, यांना दाखवला.

दत्तूभाऊंनी शेवटपर्यंत पाहिला. म्हणाले, "झ्याक हाय. पन ह्यो मानूस कंच्या देशातला हाय?"

वॉचमन दत्तूभाऊ झाले.

*

सातव्या रीशूटला मेव्हणे कॅमेरा ठेवून घरी गेले, ते आलेच नाहीत. मॅडमनी तो उचलला.

"अहो मॅडम, जड आहे तो."

"काहून सर? वरातीत चार-चार तास खांद्यावर असते. अन् तिथं तर घोडा पण हलते."

दुपारच्या जेवणापर्यंत सगळे सीन घेऊन झाले. जोगळेकरांनी मॅडमचं शूटिंग दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा बघता बघता बायकोला फोन करून सांगितलं, "तुझ्या भावाला म्हणावं, आराम कर."

*

शेवटचा दिवस. टायटलमध्ये 'कॅमेरा: सुषमा मेश्राम'. मेकअपवाली येरवड्याची, रायटर मार्केट यार्डातल्या हमालाची मुलगी, हीरो अकोल्याचा. जोगळेकर उरले होते एका शॉटपुरते, कांबळेंची खुर्ची सरकवताना.

मॅडमनी सहीसाठी पेन काढलं आणि त्या थांबल्या.

"आता काय राहिलं?" जोगळेकरांचा आवाज बसला होता.

"सर, खरं सांगते, तुमचा तो शॉट कापायचा विचार होता."

"मग?"

"चेकलिस्ट पुन्हा वाचली. आख्ख्या सिनेमात सदाशिव पेठेतले तुम्ही एकटेच. अल्पसंख्याकांना हात लावता येत नाही."